फ्लॉरेन्समधल्या शांत जागा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीला निघालेल्या मराठी मंडळींकडून फ्लॉरेन्सबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. तिकिटांचे दर आणि उघडण्याच्या वेळा सारख्या बदलतात, म्हणून त्या फारशा दिलेल्या नाहीत. निघण्याच्या आठवड्यात त्या त्या जागेच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या.

फ्लॉरेन्स म्हणजे नुसती गर्दी, असं सगळे सांगतात. तिथे शांत जागा खरंच उरली आहे का?

उरली आहे, आणि भरपूर. या शहरातली गर्दी पसरलेली नाही, एका पट्ट्यात कोंबलेली आहे. अकादेमिया संग्रहालयातला मायकलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा, दुओमोचा (मुख्य चर्चचा) चौक, सिन्योरिया चौक, उफिझी हे चित्रसंग्रहालय आणि पोन्ते वेक्कियो हा जुना पूल या पाच जागा जवळजवळ एका रेषेत येतात. ती रेषा चालून जायला अर्धा तासही लागत नाही. बहुतेक पाहुणे दिवसभर तिच्यावरच ये-जा करतात. रेषा सोडून दोन गल्ल्या बाजूला वळलात की आवाज उतरतो. नदीपलीकडच्या ओल्त्रार्नो भागात तर दुपारी दुकानदार दारात खुर्ची टाकून बसलेला दिसतो.

गर्दी कोणत्या वेळी कमी असते?

रोमहून फास्ट ट्रेनने इथे यायला साधारण दीड तास लागतो. त्यामुळे बरेच जण सकाळी येऊन संध्याकाळी परत जातात. साधारण दहा ते पाच हा त्यांचा वेळ. तुम्ही शहरात मुक्कामाला असाल, तर सकाळी साडेसात-आठला दुओमोभोवती फिरून या. पांढऱ्या, हिरव्या आणि गुलाबी संगमरवराच्या त्या भिंती, झाडूवाले, दूध पोचवणारी गाडी आणि तुम्ही. त्या वेळी कॅमेरा खिशात ठेवून नुसतं पाहावं असं मला वाटतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात. शांतता हवी असेल तर नेमका तो दिवस टाळा.

मग उफिझी आणि डेव्हिड सोडून द्यायचे का?

मुळीच नाही. एवढ्या लांब जाऊन ते न पाहता येणं म्हणजे स्वतःवर अन्याय आहे. तिकीट आधी काढा, सकाळची पहिली वेळ घ्या आणि दिवसाला एकच मोठं संग्रहालय ठेवा. उरलेला दिवस या पानावरच्या जागांना द्या.

आम्ही टूर कंपनीबरोबर आहोत. मोकळे जेमतेम दोन-तीन तास मिळतात. काय करावं?

बहुतेक ग्रुप सांता क्रोचे चौकाच्या आसपास जमतात. तिथून पोन्ते आल्ले ग्राझिए हा पूल ओलांडून सान निक्कोलो भागात जा. मग चढ चढत जार्दिनो देल्ले रोझे, म्हणजे गुलाबांच्या बागेत पोचा. पंधरा-वीस मिनिटांचं चालणं आहे. बाग फुकट आहे, बाकं आहेत आणि समोर अख्खं शहर दिसतं. चढायचं नसेल तर ओब्लाते वाचनालय गाठा. त्याबद्दल पुढे घुमटाच्या प्रश्नात लिहिलं आहे. शॉपिंगसाठी ठेवलेला वेळ इथे घालवणाऱ्यांना पस्तावताना मी पाहिलेलं नाही.

कोल्हापूरच्या महाराजांची समाधी फ्लॉरेन्सला आहे असं ऐकलं. खरं का?

खरं आहे, आणि मराठी माणसाने फ्लॉरेन्सला जाऊन ती न पाहता परतू नये. एवढा आग्रह मी या पानावर दुसऱ्या कुठल्याच जागेबद्दल करणार नाही.

छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) हे मूळचे पाटणकर घराण्यातले. १८६६ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले आणि युरोप पाहत परतीच्या वाटेला लागले. वाटेत फ्लॉरेन्सला प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. राजर्षी शाहू महाराज दत्तक आले ते १८८४ साली. ही त्याच्या चौदा वर्षं आधीची गोष्ट.

फ्लॉरेन्स त्या काळी इटलीची राजधानी होतं. एका ख्रिस्ती राजधानीत हिंदू राजाला अग्नी द्यायचा, तर खास परवानगी लागणारच होती. ती मिळाली. महाराजांसोबतच्या माणसांना संगम हवा होता. आर्नो नदीला मुन्योने नावाचा ओढा जिथे मिळतो ती जागा ठरली आणि तिथे रीतीप्रमाणे दहन झालं. परक्या मुलुखात, कडाक्याच्या थंडीत, त्या माणसांनी संगम शोधला आणि आपल्या राजाचं शेवटचं कार्य चुकू दिलं नाही. तिथे उभं राहिलं की मला महाराजांइतकीच त्या मंडळींची आठवण येते. त्यांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत.

१८७४ मध्ये तिथे छत्री उभारली गेली. घुमटाखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे, तो चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराने केला. डोक्याला पगडी, गळ्यात दागिने आणि चेहरा अगदी कोवळा. चौथऱ्यावर वेगवेगळ्या भाषांतले लेख आहेत. फ्लॉरेन्सकर या सगळ्या भागालाच ‘इंदियानो’ म्हणतात. शेजारचा १९७० च्या दशकातला केबलचा मोठा पूलही ‘पोन्ते आल्लिंदियानो’ म्हणूनच ओळखला जातो. महाराजांच्या त्या प्रवासाची इंग्रजी रोजनिशी १८७२ मध्ये छापून आली होती.

तिथे जायचं कसं? आणि फुलं वाहिलेली चालतात का?

ही छत्री काशिने या नदीकाठच्या मोठ्या उद्यानाच्या पश्चिम टोकाला आहे. मुख्य स्टेशनजवळून टी-१ ट्राम घ्या, ‘काशिने’ थांब्यावर उतरा आणि नदी डाव्या हाताला ठेवून उद्यानातून सरळ चालत राहा. जवळपास तीन किलोमीटर सपाट रस्ता आहे, दोन्ही बाजूंना झाडं आहेत, धावणारे आणि सायकलवाले भेटतात. भाड्याची सायकल घेतलीत तर उत्तम. ज्यांना चालवत नाही त्यांनी सरळ टॅक्सी करावी आणि परतीची सोय आधीच ठरवून ठेवावी, कारण त्या टोकाला रिकामी टॅक्सी सहज सापडत नाही.

फुलं ठेवायला हरकत नाही. हळद-कुंकू पुतळ्याला लावू नका, उदबत्ती किंवा दिवा लावू नका, नारळ फोडू नका. जुना दगड आणि रंग यांना त्याने इजा होते. हात जोडले तरी पुरेसं आहे.

मंगळवारी सकाळी उद्यानात मोठा बाजार भरतो. तो शहराकडच्या बाजूला असतो, छत्रीपाशी नाही. अंधार पडल्यावर मात्र काशिनेत थांबू नका (सुरक्षिततेचा प्रश्न पुढे आहे).

चित्रकलेतलं आम्हाला काही कळत नाही. तरी संग्रहालयांपलीकडे पाहण्यासारखं काय आहे?

कळत नाही म्हणणाऱ्यांनीच आधी अशा ठिकाणी जावं, जिथे एकच चित्र आहे आणि पाठीमागून ढकलणारं कुणी नाही.

अकादेमियापासून पाच-सात मिनिटांवर सांत’आपोल्लोनिया नावाचा जुना मठ आहे. त्याच्या जेवणघराच्या भिंतीवर आंद्रेआ देल कास्तान्योने १४४७ साली येशूचं शिष्यांबरोबरचं ‘शेवटचं भोजन’ रंगवलं. जोगिणींचा बंदिस्त मठ असल्यामुळे एकोणिसाव्या शतकापर्यंत बाहेरच्या माणसांना हे चित्र ठाऊकही नव्हतं. खोलीत शिरलात की लगेच जवळ जाऊ नका, लांबूनच पाहा. टेबलाच्या पलीकडे सगळे शिष्य ओळीने बसलेत. अलीकडे एकटा यहूदा, येशूला दगा देणारा, आपल्याकडे पाठ फिरवल्यासारखा. त्यांच्यामागे भिंतीवर संगमरवराचे चौकोन रंगवले आहेत, बहुतेक शांत रंगांचे. येशू, यहूदा आणि पीटर यांच्या डोक्यावरचा एकच चौकोन मात्र असा पेटलेला आहे की वीज कडाडून गेल्यासारखं वाटतं. काय घडणार आहे ते चित्रकाराने चेहऱ्यांवर सांगितलंच आहे, पण त्याहून जास्त त्या दगडाच्या नक्षीत सांगितलं आहे. हे समजायला कलेचा इतिहास ठाऊक असावा लागत नाही.

तिथून जवळच कियोस्त्रो देल्लो स्काल्झो आहे. लहानसं आवार, चारी भिंतींवर मुख्यतः आंद्रेआ देल सार्तोने फक्त राखाडी-तपकिरी छटांत रंगवलेली बाप्तिस्मा देणाऱ्या जॉनची कथा. आठवड्यातले काही ठरावीक दिवस आणि मोजकेच तास उघडं असतं, आधी बघून जा.

पोन्ते वेक्कियोवरून पलीकडे उतरलात की डाव्या हाताला सांता फेलिचिता चर्च लागतं. पुलावर पाय ठेवायला जागा नसते आणि पन्नास पावलांवरच्या या चर्चमध्ये चार माणसं असतात. शिरल्यावर उजवीकडच्या पहिल्याच कोनाड्यात पोंतोर्मोचं चित्र आहे, क्रुसावरून उतरवलेल्या येशूचं. गुलाबी, आकाशी, पोपटी असे रंग आणि जमिनीवर टेकतच नाहीत अशी माणसं. दिव्यासाठी पेटीत नाणं टाकावं लागतं, सुटे युरो जवळ ठेवा.

सान मार्कोचा मठही यातच धरतो, जरी तो अनोळखी नाही. जिना चढून वर गेलात की समोर फ्रा आंजेलिकोचं देवदूत आणि मेरीचं चित्र. मग एकेका साधूची खोली, आणि प्रत्येकीत भिंतीवर त्या एकट्यासाठी काढलेलं एक चित्र. बहुधा दुपारपर्यंतच उघडं असतं.

आम्ही ख्रिस्ती नाही. चर्चमध्ये गेलेलं, प्रार्थनेला बसलेलं चालतं का?

चालतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणून ओढणी किंवा पातळ शाल पर्समध्ये असू द्या. चपला काढायच्या नसतात, पुरुषांनी टोपी काढायची. मास (चर्चमधली सामुदायिक प्रार्थना) सुरू असेल तर फिरून फोटो काढू नका. मागे बसा किंवा बाहेर थांबा. बहुतेक लहान चर्च दुपारी बारा ते तीनच्या सुमारास बंद होतात, जेवण त्याच वेळी उरकून घ्या.

प्रार्थना ऐकायचीच असेल तर सान मिनियातो अल मोन्तेला जा. टेकडीवरचं हे अकराव्या शतकातलं चर्च आहे आणि आजही तिथे साधू राहतात. संध्याकाळी ते जुन्या ग्रेगोरियन पद्धतीने गातात. वाद्य नाही, माइक नाही. वेळ ऋतूप्रमाणे बदलते, दारावर लावलेली असते. जमिनीवर १२०७ सालचं राशिचक्र संगमरवरात जडवलेलं आहे, आपली रास शोधून बघा.

दुओमोचा घुमट चढायची रांग झेपत नाही. तो दुसरीकडून नीट दिसतो का?

माझ्या मते जवळून पाहण्यापेक्षा थोडा लांबून जास्त सुंदर दिसतो. दुओमोपासून तीन-चार मिनिटांवर ओब्लाते हे सार्वजनिक वाचनालय आहे, पूर्वीच्या जोगिणींच्या मठात. कुणीही आत जाऊ शकतं, तिकीट नाही. वरच्या मजल्यावर कॅफे आहे आणि समोर घुमट, मध्ये फक्त काही कौलारू छपरं. विद्यार्थी अभ्यास करत असतात, आवाज जपून.

दुसरी जागा इन्नोचेंती. घुमट बांधणाऱ्या ब्रुनेलेस्कीने त्याबरोबरच १४१९ मध्ये या अनाथालयाचं काम हाती घेतलं होतं. इथे पहिलं बाळ आलं ते फेब्रुवारी १४४५ मध्ये. त्याचं नाव ठेवलं आगाता. छतावर कॅफे आहे, पण आधी संग्रहालय पाहा. मूल सोडताना आया त्याच्याजवळ खुणेसाठी काहीतरी ठेवून जात. अर्धं तोडलेलं नाणं, अर्धं पदक, मणी, कापडाचा तुकडा. दुसरा अर्धा भाग आईकडे. पुढेमागे मूल परत न्यायला आली, तर दोन्ही अर्धे भाग जुळवून ओळख पटावी. ते तुकडे आज लहान लहान खणांत ठेवलेले आहेत आणि खण आपण स्वतः उघडून पाहायचे. घाईत असाल तर हे संग्रहालय घेऊच नका, दुसऱ्या दिवशी या.

सूर्यास्त कुठून पाहावा? पियाझ्झाले मिकेलांजेलो हे टेकडीवरचं ठिकाण तर भरलेलं असतं.

दिवाळीआधीची तुळशीबाग आठवावी इतकं भरलेलं असतं. त्याच रस्त्याने आणखी पाच-सात मिनिटं वर चढा. सान मिनियातोच्या पायऱ्यांवरून तेच दृश्य आणखी उंचावरून दिसतं आणि माणसं दहात एक उरतात. शेजारच्या दफनभूमीत पिनोकिओचा लेखक कोल्लोदी विसावला आहे.

दफनभूमीत फिरायला जाणं बरं दिसतं का? घरातली ज्येष्ठ मंडळी नको म्हणतात.

त्यांना नको वाटत असेल तर आग्रह करू नका. पण युरोपात जुन्या दफनभूमी लोक बागेसारख्या वापरतात आणि शांत बसलेल्या माणसाला कुणी वेगळं समजत नाही. फ्लॉरेन्सची तथाकथित इंग्रजांची दफनभूमी दोनाटेल्लो चौकात, गाड्यांच्या वाहत्या रस्त्याच्या मधोमध, एका उंच लंबगोल बेटावर आहे. १८२० च्या दशकात सुरू झाली आणि १८७७ मध्ये बंद. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग इथेच आहे. फाटकाच्या आत गेलात की सायप्रसची झाडं आणि पक्षी. वेळा ठरावीक आहेत.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. चढ-पायऱ्या नसलेलं काय आहे?

ओब्लाते आणि इन्नोचेंती, दोन्हीकडे लिफ्ट आहे. सांता फेलिचिता आणि सांत’आपोल्लोनिया रस्त्याच्या पातळीवर. सान मार्कोजवळची जुनी वनस्पतीबाग, जार्दिनो देइ सेम्प्लिचि, पूर्ण सपाट आहे. १५४५ साली औषधी झाडांसाठी लावलेली, जगातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. सान मिनियातोला बस किंवा टॅक्सीने जा, तरी शेवटी थोड्या पायऱ्या उरतातच. शहरातले रस्ते दगडी आहेत, तेव्हा नव्या चपलांपेक्षा सवयीचे बूट बरे.

मुलं चित्रं पाहून कंटाळतात. त्यांच्यासाठी?

स्टिब्बर्ट संग्रहालय. फ्रेडरिक स्टिब्बर्टचे आजोबा ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेचे सेनापती होते. नातवाने त्या पैशातून जगभरची चिलखतं जमवली. एका दालनात चिलखत घातलेल्या स्वारांची घोड्यांसकट मिरवणूक उभी आहे, भारतीय आणि जपानी शस्त्रंही आहेत. सोबत मोठी बाग आहे. ठरावीक वेळी गट करून आत सोडतात.

शाळेच्या सुट्टीत, म्हणजे मे महिन्यात, येणार आहोत. चालेल का?

शांततेसाठी मे सोपा नाही, पण बागांसाठी याहून चांगला महिना नाही. गुलाब भरात असतात. पियाझ्झालेच्या कोपऱ्यावरची आयरिसची बाग तर वर्षातून फक्त एप्रिलअखेर ते मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतच उघडते. शहराच्या चिन्हावरचं लाल फूल तेच. बार्दिनी बागेतला जांभळ्या विस्टेरिया वेलीचा बोगदा एप्रिलचा, आणि तेव्हा तिथे रांगा असतात. ऑगस्टमध्ये ऊन फार, पंधरा तारखेच्या आसपास बरीच खासगी दुकानं बंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, नाताळ सोडून, सर्वांत निवांत.

आमचा एकच दिवस आहे आणि तो सोमवार. सगळं बंद असतं ना?

उफिझी, अकादेमिया आणि पित्ती राजवाडा बंद असतात. चर्च, गुलाबांची बाग, राजाराम महाराजांची छत्री यांना सोमवार-मंगळवार नाही. इन्नोचेंतीची सुट्टीही सोमवारी नसते. खरं सांगायचं तर या पानासाठी सोमवार वाईट नाही.

शहराबाहेर अर्धा दिवस काढायचा असेल तर?

सान मार्कोहून ७ क्रमांकाची बस फिएसोलेला जाते. डोंगरावरचं गाव, रोमन नाट्यगृह आणि खाली फ्लॉरेन्स. शेजारच्या मोन्ते चेचेरी डोंगरावर लिओनार्दोने उडण्याच्या यंत्राचा विचार केला, असं सांगतात.

त्याहून कमी लोक कास्तेल्लो आणि पेत्राया या मेदिची या फ्लॉरेन्सच्या जुन्या सत्ताधारी घराण्याच्या वाड्यांत जातात. २०१३ पासून दोन्ही जागतिक वारशात आहेत. कास्तेल्लोच्या बागेत लिंबू-संत्र्यांच्या जातींच्या शेकडो कुंड्या आहेत. बोत्तिचेल्लीचं ‘व्हीनसचा जन्म’ हे प्रसिद्ध चित्र एके काळी याच वाड्यात होतं. गाडी भाड्याने घेणार असाल तर लक्षात ठेवा, जुन्या शहरात परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही आणि कॅमेरे दंड घरी पाठवतात.

शांत भागात शाकाहारी जेवण मिळेल का?

मिळेल, आणि चांगलं. सांत’आम्ब्रोज्यो बाजार सकाळी गाठा, रविवारी बंद. भाजी घ्यायला आलेल्या स्थानिक आज्या, आतल्या छोट्या खाणावळी. ‘पाप्पा अल पोमोदोरो’ म्हणजे टोमॅटो आणि शिळ्या पावाचं दाट, मऊ प्रकरण. ‘रिबोल्लिता’ पाव, काळा कोबी आणि पांढऱ्या घेवड्याची. दोन्हींत मांसाचं पाणी घातलंय का ते विचारा. ‘चेचीना’ दिसली तर सोडू नका, बेसनाचंच जाड धिरडं आहे. ‘लाम्प्रेदोत्तो’ लिहिलेल्या गाडीवर गायीच्या पोटाचं मांस असतं. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातून काढलेलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं, कडक शाकाहारी असाल तर ते वगळायला सांगा. तिथला पाव अळणी असतो, तशीच रीत आहे.

मी एकटी प्रवास करते. अशा निर्मनुष्य जागा सुरक्षित आहेत का?

दिवसा हो. वर लिहिलेल्या जागा शांत आहेत, ओसाड नाहीत. अपवाद काशिने: उजेडात निर्धास्त जा, संध्याकाळी नको. स्टेशनच्या आसपास आणि ट्राममध्ये पाकीट जपा. रात्री सान मिनियातोहून उतरताना जंगलातल्या पायवाटेऐवजी दिव्यांचा रस्ता धरा.

तुम्ही अशा जागा सांगता, मग तिथेही गर्दी होणार नाही का?

हा प्रश्न मला रास्त वाटतो. म्हणूनच इथे फक्त सार्वजनिक जागा आहेत. कुणाच्या वाड्याचं आवार, गल्लीतलं खासगी फाटक असं काही नाही. दार अर्धवट उघडं दिसलं तरी विचारल्याशिवाय आत शिरू नका. रील करायचीच असेल तर वाचनालयात आणि प्रार्थनेच्या वेळी नको. मध्यवर्ती भागातली इतकी घरं पर्यटकांच्या भाड्यात गेली, की २०२३ मध्ये नगरपालिकेने ऐतिहासिक भागात अशी नवी घरं सुरू करायला बंदी घातली. शक्य असेल तर हॉटेलात किंवा मठांच्या अतिथीगृहात उतरा. ती स्वस्तही पडतात, फक्त काही ठिकाणी रात्री दार ठरावीक वेळी बंद होतं.

पाणी आणि स्वच्छतागृह?

बाटली सोबत ठेवा. सिन्योरिया चौकात नेपच्यूनच्या कारंज्याजवळच पालिकेचा पिण्याच्या पाण्याचा नळ आहे, साधं आणि सोडा असं दोन्ही येतं. स्वच्छतागृहासाठी ओब्लाते उपयोगी पडतं. नाहीतर कुठल्याही कॅफेत उभ्याने कॉफी घ्या आणि मग विचारा. बसून घेतलेल्या कॉफीपेक्षा ती बरीच स्वस्त असते.